वर ओव्हन, खाली डबा

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास जिन्याच्या सातव्या पायरीवर एक पातेलं येऊन बसायचं. ओल्या फडक्याने झाकलेलं, आणि आत दालचिनीच्या पावाचं फुगलेलं पीठ. खालून धाकटी ते आणून ठेवायची, पातेल्याच्या काठावर चमच्याने दोनदा टकटक करायची आणि खाली निघून जायची. तिचं दार लागल्याचा आवाज आला की वरून थोरली उतरायची. जिना चौदा पायऱ्यांचा, सातवी बरोबर मधली. म्हणजे कुणी कुणाच्या दारात गेलं असं व्हायला नको. अकरा महिने हे असं चाललं होतं, आणि या अकरा महिन्यांत दोघी सख्ख्या बहिणी एकमेकींशी अवाक्षरही बोलल्या नव्हत्या. अबोला धरावा तर असा, नियमाने आणि वेळेवर.

दुपारी उलटा प्रवास. थोरली भाजलेला पाव बरोबर मधोमध कापायची, अर्धा स्वच्छ रुमालात बांधून त्याच पायरीवर ठेवायची आणि कठड्यावर अंगठीने दोनदा वाजवून वर यायची. अर्धा म्हणजे अर्धा. सुरी जरा तिरकी गेली तर मोठा भाग खाली जायचा. भांडण आपल्या जागी आणि पाव आपल्या जागी.

भांडलात ना, मग पाव तरी कशाला एकत्र, असं कुणालाही वाटेल. पण त्याला इलाज नव्हता. आईचे गुडघे गेले तेव्हा तिने स्वयंपाकघराची वाटणी केली होती. वरच्या मजल्यावरचा लोखंडी ओव्हन थोरलीला दिला, कारण तो चार माणसांना हलत नव्हता आणि थोरलीही वरून हलणाऱ्यांतली नव्हती. मसाल्याचा डबा धाकटीला दिला. मग एकेकीला बाजूला घेऊन एकेक गुपित सांगितलं. थोरलीला ओव्हनचं: याचा उजवा मागचा कोपरा तापट आहे, विसाव्या मिनिटाला साचा फिरवायचा, आणि दाराच्या फटीशी मनगट धरून ऊब जोखायची. धाकटीला मसाल्याचं: दालचिनी किती, वेलदोडा किती, जायफळ किती वेळा घासायचं, लवंगेला कुठे आवर घालायचा, सुंठीची चिमूट केवढी. "दुसरीला सांगायचं नाही," असं दोघींनाही बजावलं. म्हातारपणी माणूस पोरकट होतं ते हेच, असं थोरलीला तेव्हा वाटलं होतं.

एकदा, अबोल्याच्या पहिल्या महिन्यात, थोरलीने दुकानातली दालचिनी आणून स्वतःच पाव करून पाहिला होता. गोड लाकूड चावल्यासारखा लागला. तो तिने कुणाला न सांगता पक्ष्यांना घातला, आणि पक्ष्यांनीही अर्धा टाकला.

भांडण झालं होतं शालीवरून. थोरली गल्लीच्या टोकाला लाँड्रीत काम करायची. नवरा गेला त्याच्याही आधीपासून, म्हणजे बावीस वर्षं. शाईचा डाग, चहाचा डाग, रडून ओली झालेली उशी, कॉलरवरचा मळ, सगळं तिच्या हाताखालून जायचं आणि पांढरंशुभ्र होऊन परत यायचं. तिला कुणाची माया आली की ती त्याचे कपडे धुवायची. दुसरी रीत तिला ठाऊकच नव्हती. आई गेल्यावर महिन्याभराने तिने खुंटीवरची आईची तपकिरी लोकरी शाल काढली. ही शाल पांघरूनच आई आयुष्यभर ओव्हनसमोर बसली होती. थोरलीने ती कोमट पाण्यात, चांगल्यातल्या साबणाने, हलक्या हाताने धुतली. सावलीत वाळवली. फडकं वर ठेवून इस्त्री केली. पातळ पांढऱ्या कागदात गुंडाळून खाली नेली आणि धाकटीच्या मांडीवर ठेवली. "तुझ्यासाठी," म्हणाली.

धाकटीने कागद उघडला, शाल उचलली आणि दोन्ही हातांनी नाकाशी धरली. मग शाल खाली ठेवून म्हणाली, "ताई, तू आईला धुऊन टाकलंस."

थोरलीला चूक कळली. चूक कळली की माणसाने गप्प बसावं; पण चूक कळल्यावरच माणसाची जीभ जास्त चालते. ती म्हणाली, "मग काय मळकी द्यायला हवी होती? लोकांनी काय म्हटलं असतं?" आणि तरातरा वर आली. करायला गेली एक आणि झालं भलतंच. त्या दिवसापासून अळीमिळी गुपचिळी.

तरी रविवारची दुपार दोघींची एकच असायची, हे थोरलीला मनातून माहीत होतं. पाव ओव्हनमध्ये गेला की घर हळूहळू आपलं वजन टाकून द्यायचं. आधी यायची दालचिनी. ती ओव्हनभोवती घुटमळायची, मग पडद्यात शिरायची, मग पायरी पायरी करत खाली उतरायची. तिच्यामागून वेलदोडा, अनवाणी आल्यासारखा. लवंग कोपऱ्यातच उभी राहायची. जायफळ सगळ्यांत उशिरा यायचं, आणि ते आलं की डोळ्यांच्या पापण्या जड व्हायच्या. खिडकीतलं ऊन फरशीवर लांबत जायचं. थोरली खुर्चीत अर्धी जागी, अर्धी झोपेत बसायची आणि तिला वाटायचं, खालच्या खोलीत तिघी जणी बसल्यात, काहीतरी निवडता निवडता हसतायत, आणि त्यांतली एक आपणच आहोत. मग घड्याळाकडे बघून ती उठायची आणि साचा फिरवायची. विसाव्या मिनिटाला तिची झोप आपोआप उघडायची. अकरा महिन्यांत एकदाही चुकली नव्हती.

त्या आठवड्यात गुरुवारी लाँड्रीत घड्याळं दुरुस्त करणारे काका आले. शर्ट नेताना सहज म्हणाले, "आता औषधाच्या दुकानात आमच्या गोळ्या कोण काढून देणार? तुमची बहीण चालली ना एक तारखेला. मोठ्या हॉस्पिटलात औषधांचं कोठार सांभाळणार म्हणे. राहायला खोलीसुद्धा देतायत. तुम्हाला तर करमणारच नाही हो."

धाकटी औषधांच्या दुकानात होती. तिच्यासारखं मोजून मापून देणारं त्या भागात कुणी नव्हतं.

"हो ना," थोरली म्हणाली, जसं काही तिला सगळं आधीच माहीत होतं. इस्त्रीतून वाफेचा मोठा लोट निघाला आणि त्याच्याआड तिने तोंड पुसलं. माझ्याच घरातली बातमी, आणि ती मला गिऱ्हाइकाने सांगावी. जाते तर जाऊ दे, तिने मनाशी म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला. पण घरी येईपर्यंत तिने तेच वाक्य पंधरा-वीस वेळा म्हटलं, आणि जी गोष्ट एवढ्यांदा म्हणावी लागते ती खरी नसते. जिना चढताना सातव्या पायरीशी तिचे पाय थांबले. एक तारखेनंतर ही पायरी नुसतीच पायरी राहणार होती. खालच्या दारामागे खोकी ओढल्याचा आवाज येत होता. दार वाजवावं म्हणून ती परत खाली उतरली, तिने हात उचललासुद्धा. मग शाल आठवली, आपली जीभ आठवली, आणि हात पुन्हा पिशवीच्या बंदावर गेला.

रविवारी अकराला पातेलं आलं. टकटक झाली. महिना संपायला तीन दिवस उरले होते, म्हणजे हे शेवटचं पातेलं. थोरलीने फडकं काढलं तेव्हा पीठ काठापर्यंत आलेलं होतं, ऊबदार आणि जिवंत. तिने नेहमीसारखं त्यात बोट खुपसून पाहिलं. खळगा हळूहळू भरून आला. तिला रडू आलं, आणि आपल्याला पिठावरून रडू येतंय याचा रागही आला. तिने गोळा मळला, साच्यात घातला, झाकून ठेवला, वेळ झाल्यावर ओव्हनमध्ये सरकवला आणि खुर्चीत बसली.

गेल्या तीन रात्री ती नीट झोपलेली नव्हती. जायफळ आलं आणि तिला घेऊन गेलं.

स्वप्नात ती लाँड्रीत होती, पण लाँड्रीला भिंती नव्हत्या. सगळीकडे कोमट वाफ, तपकिरी रंगाची. आई पलीकडे बसून तिला एकेक वस्तू धुवायला देत होती. आधी एक जुना टेबलक्लॉथ. मग स्वयंपाकघराच्या खिडकीतलं दुपारचं ऊन, घडी घातलेलं. मग धाकटीचं लहानपणीचं हसू, ओलं आणि लोकरीसारखं जड. थोरली सगळं धुवत होती. तिच्या हातून जे जाई ते पांढरं होऊन येई, आणि पांढरं झालं की त्याला काही नाव उरत नसे. ती पांढऱ्या घड्यांचा ढीग रचत होती आणि ढीग जिन्यासारखा उंच होत होता, चौदा पायऱ्या, अठ्ठावीस पायऱ्या. तिने विचारलं, "आई, चिमी कुठाय?" चिमी म्हणजे धाकटी. आई म्हणाली, "अगं, तिलापण तूच घेऊन गेलीस ना मघाशी." थोरलीने हात पाण्यात घातले आणि शोधायला लागली. पाणी खोल होतं आणि त्याला कसलाही वास नव्हता.

"ताई! ताई, दार उघड!"

डोळे उघडले तर खोलीत धूर. पिवळट, कडवट, डोळ्यांत जाणारा. थोरलीने धडपडत कडी काढली. धाकटी आत घुसली, सातवी पायरी ओलांडून, अनवाणी, केस मोकळे. तिने ओव्हनची खुंटी बंद केली, खिडक्या सताड उघडल्या, आणि मग अकरा महिन्यांनी बहिणीशी जे पहिलं वाक्य बोलली ते असं होतं:

"फडकं कुठे ठेवतेस? हात भाजेल माझा."

"खालच्या खणात. डावीकडे."

"इथे तर सगळे रुमालच आहेत, इस्त्रीचे."

"मग घे ना त्यांतले चार. रुमालच आहेत ते, कुणाचा साखरपुडा नाही."

धाकटीने इस्त्रीच्या चार रुमालांनी साचा धरून बाहेर काढला. पाव उजव्या मागच्या बाजूने कोळसा झाला होता. बाकीचाही फार काही बरा नव्हता. दोघी टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या राहून त्याच्याकडे बघत बसल्या, म्हणजे आधी उभ्या होत्या आणि मग बसल्या. धूर खिडकीतून बाहेर जायला लागला.

"तुझा पाव कधी करपत नाही," धाकटी म्हणाली. "मला वाटलं, तुला काही झालं."

"झोप लागली."

"तुला? विसाव्या मिनिटाला?"

थोरली चमकली. "तुला काय माहीत विसावं मिनिट?"

"खाली ऐकू येतं ना. साचा सरकवल्याचा आवाज. मी त्याच्यावर चहा टाकते दर रविवारी. आज चहाचं पाणी आटून गेलं तरी तू साचा सरकवेनास."

आपण वर बसून खालच्या दाराचे आवाज मोजत होतो, आणि ती खाली बसून आपल्या साच्याचे. आपलेच दात आणि आपलेच ओठ. थोरली म्हणाली, "चाललीस म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"घड्याळवाल्या काकांनी. शर्टाबरोबर."

धाकटीने मान खाली घातली. "मी सांगणारच होते. चिठ्ठी लिहिली होती, आज पातेल्याखाली ठेवणार होते. मग धीर झाला नाही."

"कशाला चाललीस?"

"चांगलं काम आहे, ताई. आणि दुसरं म्हणजे, खाली बसून वरची पावलं ऐकत राहायचं, याला काय राहणं म्हणतात?" तिने हातातले रुमाल टेबलावर ठेवले. "आई गेली तेव्हा एकच गेली. नंतर तू गेलीस, आणि तू तर वरच्या मजल्यावरच होतीस."

थोरलीने करपलेल्या पावाचा एक तुकडा उगाचच मोडला. जन्मभर जे वाक्य टाळलं ते म्हणायला तिला करपलेला पाव हातात लागला. "शालीचं मला कळलंच नाही गं. मला वाटलं, तुला चांगल्यातली चांगली करून द्यावी. मी धुतली तेव्हा मला वाटत होतं, मी तिचीच सेवा करतेय. माझं चुकलं, चिमे. पहिल्याच दिवशी कळलं होतं की चुकलं."

"तू धुतलीस म्हणून मला राग नव्हता आला. वाईट वाटलं, खूप वाटलं. राग आला तो तू तिला मळकी म्हणालीस म्हणून."

"तेही कळलं होतं."

"मग आली का नाहीस खाली?"

"तू तरी कुठे आलीस वर?"

धाकटी हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते धुरामुळे असं दोघींनी ठरवलं. मग तिने पदराआड जपलेला एक कागद काढून टेबलावर ठेवला. चौकोनी घडी, कडेला कडा जुळलेली, औषधाच्या पुडीसारखी.

"ही ती चिठ्ठी. यात जाण्याचं दोनच ओळींत आहे. बाकी मसाल्याचं लिहिलंय, सगळं वजन करून. आईचं मूठ-चिमूट मी तराजूवर घालून काढलंय, ग्रॅमपर्यंत. आणि डबाही इथेच ठेवून जाते. मी तिकडे ओव्हनशिवाय डबा घेऊन काय करू? निदान तुझा तरी पाव होत राहील."

थोरली कागदाकडे बघत राहिली. अकरा महिने, खरं म्हणजे त्याही आधीपासून, तिला हे हवं होतं. किती घालतेस तेवढं सांग, असं तिने लहानपणी आईला लाडीगोडी लावून विचारलं होतं, मोठेपणी धाकटीला रागाने विचारलं होतं. आता ते टेबलावर होतं, हात लांब केला की झालं. उद्यापासून पाव तिच्या एकटीचा झाला असता, पूर्ण, न कापलेला.

तिने बोटाने कागद धाकटीकडे परत सरकवला.

"नको."

"अगं, उघडून तरी बघ."

"उघडू नकोस. वाचूनही दाखवू नकोस. मला कळलं की माझ्या डोक्यातून जाणार नाही." थोरलीने बोट मागे घेतलं. "मला येत नाही म्हणून तू दर रविवारी सात पायऱ्या चढत होतीस. बोलत नव्हतो तरी चढत होतीस. मला करता आलं, तर तू कशाला येशील?"

धाकटीने कागदावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"आईने मुद्दामच केलं होतं ते," ती हळूच म्हणाली.

"मग आपण शहाण्या होऊन ते मोडायचं का?" थोरलीने डोळे पुसले, रुमालाने, इस्त्री मोडेल याची पर्वा न करता. "किती तासांची बस आहे तिकडून?"

"साडेतीन. कधी चार."

"पीठ फुगायला किती लागतात?"

धाकटीने बहिणीकडे पाहिलं. औषधं मोजणाऱ्या बाईला हा हिशेब करायला क्षणभरही लागला नाही, पण उत्तर द्यायला बराच वेळ लागला. "चार," ती म्हणाली.

धाकटी एक तारखेला गेली, डबा घेऊन, कागद घेऊन. खालच्या मजल्याला कुलूप लागलं. पहिला आठवडा थोरलीने लाँड्रीत नको इतकं काम केलं. लोकांनी न सांगितलेले डागही काढून दिले. रात्री घरात पाऊल टाकलं की आपलाच आवाज तिला मोठा वाटायचा. आपण मोठ्या ऐटीत नको म्हणालो, पण माणसं गेली की गुंततात, काम असतं, दमणूक असते, बस चुकते. कागद घेतला असता तर निदान वास तरी राहिला असता. असं तिला पुष्कळदा वाटलं.

रविवारी ती अकराला बसस्टँडवर जाऊन उभी राहिली. बस आली सव्वाअकराला. दोन बायका उतरल्या, मग एक म्हातारे गृहस्थ, मग बॅगा घेतलेली चार-पाच मुलं. मग कुणीच नाही. ड्रायव्हरने टोपी काढून घाम पुसला. थोरली खिडक्यांमधून शोधत होती आणि तिला धड काही दिसत नव्हतं, कारण डोळे भरून आले होते. कंडक्टर दार लावायला खाली वाकला.

तेवढ्यात दारातून दालचिनी उतरली. तिच्यामागून वेलदोडा. मग आतून कुणाचा तरी आवाज आला, "थांबा हो, त्या बाईंना उतरू द्या, भांडं आहे त्यांच्या हातात," आणि मधल्या वाटेतून, एकेक पाऊल जपून टाकत, दोन्ही हातांत पातेलं धरून धाकटी येताना दिसली. ओलं फडकं घुमटासारखं वर आलं होतं. ती पायरीशी थांबली. खाली बहीण उभी होती, दोन्ही हात पुढे करून.

"घाई करू नकोस," थोरली म्हणाली. "पीठ बसेल."